उघड्या पत्र्यावर रात्र जाऊ देऊ नका: प्रायमरआधी गाडीचा गंज कसा रोखायचा

जुना रंग आणि गंज खरवडून काढला की खालचा पत्रा चकाकतो आणि वाटतं, निम्मं काम झालं. खरं तर रंगकामातली सगळ्यात नाजूक वेळ तिथूनच सुरू होते. कारखान्यातून निघताना त्या पत्र्यावर फॉस्फेटचा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग असं सगळं होतं. बऱ्याच गाड्यांना खाली जस्ताचा थरही असतो. ते सगळं तुम्ही आपल्या हाताने काढलेलं असतं. आता लोखंड आणि हवेतला ओलावा यांच्या मध्ये काहीच उरलेलं नसतं. डोळ्यांना पिवळसर छटा दिसायच्या आधीच गंज धरायला लागलेला असतो, आणि त्याच्यावर कितीही भारी रंग मारला तरी तो आतल्या आत पसरत राहतो. एक पावसाळा गेला की रंगाखाली बारीक फुगे येतात आणि दोष रंगाच्या कंपनीला जातो.

हा लेख पहिल्यांदाच हे काम हातात घेणाऱ्यांसाठी आहे. दाराची खालची कड, चाकावरची कमान, पिकअपच्या हौद्याची बाजू असा एखादा भाग घ्या. पूर्ण गाडी पहिल्या फटक्यात घेऊ नका. आणि बाकी काही विसरलात तरी चालेल, पण एवढं पाळा: आज संध्याकाळपर्यंत जेवढा पत्रा प्रायमरखाली जाईल, तेवढाच आज उघडा करा. गॅरेजमध्ये "राहू दे भो, सकाळी मारू प्रायमर" हे वाक्य रोज ऐकू येतं. रंगकाम बिघडण्याची सुरुवात बहुतेक वेळा त्याच वाक्यापासून होते.

दिवस आणि वेळ निवडणं

स्वच्छ लोखंड कोरड्या हवेत फार हळू गंजतं. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो. पत्र्यावर मीठ किंवा क्षार असतील तर त्याहून कमी आर्द्रतेतही तो वाढतो, कारण क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात.

आपल्या खान्देशात या बाबतीत निसर्ग बराच मेहरबान आहे. नोव्हेंबर ते मे हवा कोरडी असते. सगळ्यात सोयीचा काळ म्हणजे फेब्रुवारी-मार्च: थंडी ओसरलेली आणि ऊन अजून तापायचं असतं. डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्याकडे पहाटेचा पारा १० अंशांच्या खाली जातो. रात्रभर गार झालेल्या पत्र्यावर दव बसतं आणि थंडीत इपॉक्सी प्रायमर (राळ आणि हार्डनर मिसळून मारायचा) नीट पिकत नाही, म्हणजे पूर्ण घट्ट होत नाही. तेव्हा थंडीत काम दुपारी करायचं. मे महिन्यात उलट. भुसावळ-जळगावचं ऊन आपल्याला माहीत आहे. उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटला हात लावता येत नाही. अशा तापलेल्या पत्र्यावर प्रायमर मारला तर तो हवेतच सुकतो, पत्र्यावर भुकटीसारखा बसतो आणि पकड धरत नाही. म्हणून मे महिन्यात पहाटे उजाडल्यावर लागायचं, सावलीत काम करायचं, आणि हाताला पत्रा गरम लागायला लागला की थांबायचं.

पावसाळ्यात शक्यतो हे काम काढूच नका. नाइलाज असेल तर एक साधा हिशोब करा. हवेचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र स्वस्तात मिळतं. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तेव्हा १०० मधून आर्द्रता वजा करा, आलेल्या आकड्याला ५ ने भागा आणि तो तापमानातून वजा करा. येतो तो साधारण दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी पत्र्यावर दव होऊन बसायला लागतं. समजा ऑगस्टमधल्या एका दिवशी तापमान २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के आहे. १५ भागिले ५ म्हणजे ३; दवबिंदू २४ अंशांच्या आसपास. रंगकामाचा नियम असा की पत्रा दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवा, म्हणजे इथे किमान २७. बंद शेडमध्ये रात्रभर गार झालेला पत्रा सकाळी एवढा गरम नसतोच. त्याच्यावर न दिसणारा पाण्याचा पातळ थर बसलेला असतो आणि प्रायमर त्या पाण्यावर बसतो. याउलट एप्रिल-मे महिन्यात ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १३ अंशांच्या आसपास असतो, तिथे ही काळजीच नाही.

दोन गोष्टी आपल्याकडे हमखास होतात. उन्हाळ्यात शेडमध्ये कूलर लावलेला असतो. तो माणसाला गारवा देतो, पण ओली हवा थेट उघड्या पत्र्यावर फेकतो. पत्रा उघडा असेपर्यंत कूलर बंद ठेवा, नुसता पंखा चालेल. दुसरी गोष्ट, थंडी-पावसात पत्रा गरम करायला गॅसची शेगडी लावतात. गॅस जळताना वाफ तयार होते आणि ती गार पत्र्यावर जाऊन बसते. शिवाय थिनरच्या वाफा असलेल्या जागी उघडी ज्योत म्हणजे जिवाशी खेळ. हॅलोजन दिवा किंवा हीट गन वापरा, तीही थिनर उघडा नसताना.

सामान आधी, ग्राइंडर नंतर

पत्रा उघडा करून मग दुकानात हार्डनर आणायला पळायचं, हे होऊ देऊ नका. प्रायमर, त्याच कंपनीचं हार्डनर आणि थिनर, मोजमापाचा डबा, घासायचे ८० आणि १८० नंबरचे पेपर, वॅक्स-ग्रीस काढण्याचं द्रावण, सूत न सोडणारी स्वच्छ फडकी, नायट्राइलचे हातमोजे, मास्किंग टेप आणि कागद हे सगळं आधी मांडून ठेवा. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं, त्याचा एक कॅनही आणा. बॅटरीचं ॲसिड नव्हे, पाणी. घेताना दोनदा विचारून घ्या.

ग्राइंडर चालवताना चष्मा हवाच. हार्डनर घातलेल्या प्रायमर-रंगाची फवारणी करताना कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे रसायन असतं, ते फुप्फुसांना कायमचा दमा लावू शकतं. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही.

लाईटचं वेळापत्रकही बघून घ्या. तुमच्या फीडरवर दुपारी लाईट जात असेल तर सकाळी पत्रा उघडा करून दुपारी कंप्रेसर लावायचा बेत करू नका.

पेपर मारण्याआधी धुणं

नवीन माणूस इथे सगळ्यात जास्त घाई करतो, आणि माझ्या मते अर्धा गंज इथेच जिंकायचा असतो.

रावेर, यावल, चोपडा भागातली पिकअप घ्या. केळीला पोटॅश भरपूर लागतं आणि त्याच्या गोण्या याच हौद्यातून शेतात जातात. गोणी फाटते, चार मुठी खत कोपऱ्यात सांडतं, त्यावर ओल्या पानांवर रचलेले केळीचे घड येतात, आणि ते खत ओल धरून महिनोन्‌महिने पत्र्याच्या सांध्यात बसून राहतं. आपण ज्याला पोटॅश म्हणतो ते म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. खायच्या मिठासारखंच क्लोराईड. ते गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशी जाऊन बसतं. वरून पत्रा पांढरा दिसेपर्यंत घासलात तरी तळातलं क्लोराईड तिथेच राहतं. अशा जागी घासलेला पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होताना दिसेल. तसं झालं तर ती जागा नीट धुतली गेलेली नाही, असं समजा.

म्हणून आधी साबणाच्या पाण्याने ब्रश घालून सांधे, कडा, चाकाच्या कमानीचा आतला भाग धुवा. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा आणि पुन्हा धुवा. बोअरचं पाणी जड असेल, वाळल्यावर बादलीला पांढरे डाग पडत असतील, तर शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा द्या. त्या पांढऱ्या डागांत क्षारच असतात. मग गाडी उन्हात किंवा गरम हवेने पूर्ण वाळवा. सांध्यात अडकलेलं पाणी कंप्रेसरच्या हवेने फुंकून काढा.

वाळल्यावर, आणि पेपर लावण्याआधी, वॅक्स-ग्रीसच्या द्रावणाने पुसा. आधी पेपर मारला तर जुनं पॉलिश, सिलिकॉन आणि ग्रीस पेपरच्या ओरखड्यांत रगडलं जातं आणि मग निघता निघत नाही. पुसायची रीतही ठरलेली आहे: एका ओल्या फडक्याने द्रावण लावायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. एकाच फडक्याने घासत राहिलात तर चिकटपणा फक्त जागा बदलतो. रॉकेल किंवा डिझेलने पुसू नका. ते मागे तेलकट थर सोडतात आणि त्यावर प्रायमर धरत नाही.

गंज काढणं

जाड गंज आणि रंगाचे थर फ्लॅप डिस्कने किंवा ८० नंबरच्या पेपरने काढा. डिस्क एका जागी दाबून धरू नका. पत्रा निळा पडला म्हणजे तो जास्त तापला, आणि पातळ पत्रा तापून एकदा वाकडा झाला की सरळ करणं अवघड. चांगल्या पत्र्यावर जस्ताचा थर असू शकतो, त्यामुळे गंजाच्या कडेपासून दोन-तीन बोटं पुढे जाऊन थांबा.

ग्राइंडरवरच्या तारेच्या कप ब्रशबद्दल सावध राहा. तो गंज काढतो असं वाटतं, पण बऱ्याचदा खड्ड्यांतला गंज घासून काळा, चकचकीत करून ठेवतो आणि तो लोखंडासारखा दिसतो. काम झालं असं वाटलं की टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरका प्रकाश टाका. पांढऱ्या पत्र्यात खसखशीएवढे काळे ठिपके दिसतील. ते सगळे गंजाचे खड्डे. एका ठिपक्यात सुईचं टोक घालून फिरवा. तपकिरी भुकटी निघाली तर काम बाकी आहे. टोक आरपार गेलं तर तो पत्रा संपला. तिथे तुकडा कापून नवीन वेल्ड करावा लागेल. भोकावर पुट्टी, म्हणजे आपली लांबी, भरून झाकणं ही नुसती फसवणूक आहे, मग ती स्वतःची असो की गाडी घेणाऱ्याची.

खड्ड्यांतून गंज निघतच नसेल तर फॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण कामाला येतं. ते लोह-ऑक्साइडचं लोह-फॉस्फेट करतं. बाटलीवर लिहिलं तेवढाच वेळ ओलं ठेवा, ब्रशने रगडा, नंतर सांगितल्याप्रमाणे धुवा आणि गरम हवेने ताबडतोब वाळवा. ॲसिडचा अंश मागे राहिला तर वरचा इपॉक्सी नीट पिकत नाही. टॅनिन असलेले, गंजाला काळं करणारे कन्व्हर्टरही बाजारात आहेत. ते गंजावरच काम करतात, स्वच्छ पत्र्यावर लावून उपयोग नाही. यांतलं काहीही घासण्याला पर्याय नाही. आधी शक्य तेवढा गंज घासून काढायचा, द्रावण उरलेल्या ठिपक्यांपुरतं.

सगळं साफ झालं की १८० नंबरच्या पेपरने एकसारखा हात फिरवा. पत्रा गुळगुळीत करू नका, प्रायमरला धरायला ओरखडे हवेत. नेमका नंबर तुमच्या प्रायमरच्या माहितीपत्रकात दिलेला असतो, तो पाळा.

पत्रा उघडा असताना

आता घड्याळाकडे लक्ष ठेवा. कोरड्या हवेत काही तास हातात आहेत, दमट हवेत तेवढेही नाहीत.

उघड्या हाताने पत्र्याला स्पर्श करू नका. घामात मीठ असतं. आज "किती गुळगुळीत झालंय" म्हणून फिरवलेल्या हाताची पाच बोटं उद्या पत्र्यावर तपकिरी रंगात उमटतात. उन्हाळ्यात पेपर मारताना कपाळावरचा घाम टपकतो तो वेगळाच, म्हणून कपाळाला रुमाल घट्ट बांधा. थेंब पडलाच तर नुसता पुसू नका. डिस्टिल्ड वॉटरने टिपा, लगेच वाळवा, आणि तेवढ्या जागी पुन्हा पेपर मारा.

शेवटी हवेने धूळ उडवा, द्रावणाने दोन फडक्यांच्या रीतीने पुन्हा पुसा, आणि द्रावण पूर्ण उडून जाऊ द्या. थिनर किंवा द्रावण उडताना पत्रा गार होतो हेही ध्यानात ठेवा. दमट दिवशी त्या गारव्यानेच पत्र्यावर ओल धरते. अशा दिवशी पुसल्यावर द्रावण उडून गेलं आणि डबे बंद केले की मग हॅलोजनने पत्रा कोमट करून घ्या.

कोणता प्रायमर

उघड्या पत्र्यासाठी माझी निवड एकच: दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर. तो पाणी आत येऊ देत नाही आणि घासलेल्या लोखंडाला घट्ट धरतो. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, मोजून; अंदाजाने ओतायचं नाही. काही इपॉक्सी मिसळल्यावर फवारणीआधी १५ ते ३० मिनिटं ठेवावे लागतात. दोन हात मारा, मध्ये माहितीपत्रकात सांगितलेला वेळ द्या. कडा, सांधे आणि वेल्डच्या जागा आधी ब्रशने भरून घ्या, कारण फवारा तिथे कमी पोहोचतो.

इच प्रायमर, ज्याला वॉश प्रायमरही म्हणतात, त्यात ॲसिड असतं. तो पातळ थरात पत्र्याला, विशेषतः जस्त आणि ॲल्युमिनियमला, चांगला धरतो. पण त्यावर सरळ पुट्टी भरू नका, आणि त्याच्यावर इपॉक्सी मारू नका, जोपर्यंत कंपनी तसं लिहून देत नाही. दोघांपैकी एकाच वाटेने जा.

हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड गेटला आणि ग्रिलला ठीक आहे. गाडीवर तो मारून वर पीयू किंवा एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) रंग फवारला तर कडक थिनरने खालचा थर सुरकुततो, उचलतो. आणि नुसता एन.सी. सरफेसर, म्हणजे ओरखडे भरून पृष्ठभाग सपाट करणारा थर, मारून गाडी आठवडाभर अंगणात उभी ठेवणं म्हणजे गंजाला वाट मोकळी करून देणं. सरफेसर पाणी शोषतो, तो पाणी अडवण्यासाठी बनलेलाच नाही.

कंप्रेसरचं पाणी हा वेगळा शत्रू. हवा दाबली की तापते, टाकीत गार होते आणि पाणी सोडते. रोज सकाळी टाकीची खालची तोटी उघडून पाणी काढा. बंदुकीआधी पाणी-तेल गाळणारा फिल्टर लावा आणि तो कंप्रेसरपासून लांब, पाईपच्या शेवटाकडे ठेवा. कंप्रेसरजवळ हवा गरम असते, पाणी अजून वाफेतच असतं आणि फिल्टरमधून निघून जातं. बंदूक पत्र्याकडे धरण्याआधी पांढऱ्या कागदावर नुसती हवा सोडून बघा.

पुट्टी, आणि पुढचे दिवस

पुट्टी पिकलेल्या इपॉक्सीवर भरा. पुट्टीत टाल्क असतं आणि ती पाणी शोषते. उघड्या पत्र्यावर भरून वॉटर पेपरने ओली घासली की ते पाणी खाली लोखंडापर्यंत जातं आणि आतच राहतं. पुट्टी कोरडीच घासा. घासताना कुठे पुन्हा पत्रा उघडा पडला, तर त्याच दिवशी त्या ठिपक्यावर इपॉक्सीचा हात द्या. नखाएवढी जागा आहे म्हणून सोडू नका, फुगा पुढे तिथेच येतो.

इपॉक्सीवर पुढचा थर किती वेळात द्यायचा याची मुदत माहितीपत्रकात असते. ती उलटली तर पेपरने खरखरीत करून मगच पुढचा थर. इपॉक्सी उन्हाने पांढुरका पडतो, त्यामुळे त्याच अवस्थेत गाडी महिनाभर आपल्या उन्हात ठेवू नका.

प्रायमर मारता आलाच नाही तर

लाईट गेली, पाऊस आला, घरून फोन आला, असं होतंच. तेव्हा तेल, ग्रीस किंवा गंज सोडवणारा स्प्रे फासून ठेवायचा मोह होईल. नको. ते पूर्ण निघालं नाही तर प्रायमर धरत नाही, आणि त्यात सिलिकॉन असेल तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. प्लास्टिकनेही गुंडाळू नका, आत ओल अडकते. इपॉक्सी मिसळता येत असेल तर ब्रशनेच एक हात मारून ठेवा, कंप्रेसर लागत नाही. दुसऱ्या दिवशी तो घासून पुन्हा नीट फवारता येतो. तेही शक्य नसेल तर गाडी बंद, कोरड्या खोलीत ठेवा, आणि सकाळी तांबूस छटा दिसो किंवा न दिसो, पूर्ण भागावर १८० चा पेपर पुन्हा मारून, पुसून मगच प्रायमर.

आतली बाजू

दार बाहेरून कमी आणि आतून जास्त गंजतं. काचेच्या फटीतून पाणी आत जातं आणि दाराच्या खालच्या कडेच्या छोट्या छिद्रांतून बाहेर पडतं. आपल्या रस्त्यांची माती आणि कापसाची तुसं त्या छिद्रांत दाबून बसतात आणि पाणी आत साठतं. बाहेरून रंग लावण्याआधी ती छिद्रं तारेने मोकळी करा, आत पाणी सोडून ते वाहतंय का बघा आणि पूर्ण वाळू द्या. वेल्ड केलं असेल तर मागच्या बाजूचं कोटिंग जळालेलं असतं, तिथे हात पोहोचेल तिथे इपॉक्सी, न पोहोचेल तिथे पोकळीत फवारायचं मेण. मेण सगळ्यात शेवटी, रंग पूर्ण पिकल्यावर, कारण मेणाचा एक थेंब पत्र्यावर आला तर रंग तिथे धरणार नाही. मेण मारून झालं की छिद्रांत पुन्हा तार घालून ती उघडी आहेत याची खात्री करा, आणि दरवर्षी जूनचा पहिला पाऊस पडण्याआधी एकदा तपासा.